इस्तंबूलचा किल्लेदार

पहिला दिवस : गुरुवार, ८ जून २०२३

विमानतळावरून शहरात जाणाऱ्या बसच्या खिडकीतून जे पहिले झेंडे दिसले, ते ना मँचेस्टर सिटीचे होते ना इंटर मिलानचे. ते लाल-पिवळे होते, गालातासरायचे. नऊ दिवसांपूर्वीच या संघाने तुर्कस्तानची लीग जिंकली होती आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीवर ओवलेल्या त्या पताका अजून कोणी उतरवल्या नव्हत्या. दोन दिवसांवर युरोपातल्या क्लब फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना येऊन ठेपला असताना शहर आपल्याच विजयात दंग आहे, याचे माझ्या भाच्याला नवल वाटले. मला वाटले नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर उद्या परमुलखातले दोन नामांकित संघ खेळायला आले, तरी पेठांच्या चौकांत झेंडे पाटाकडील, शिवाजी आणि दिलबहार या आमच्या गावच्या संघांचेच फडकतील.

ही सहल मुळात भाच्याची करणी. तो मुंबईत नोकरी करतो, अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचे सामने चुकवत नाही आणि २०१९ पासून मुंबई सिटीची बहुतांश मालकी तेव्हा मँचेस्टर सिटीच्याच समूहाकडे असल्यामुळे, तिकडचा निळा तो आपलाच निळा, असा त्याचा सरळ हिशेब होता. तिकिटांच्या सोडतीत त्याने अर्ज केला तेव्हा अंतिम फेरीत कोण येणार याचा पत्ताही नव्हता. चॅम्पियन्स लीगच्या त्या वर्षीच्या अंतिम सामन्याची सुमारे वीस-वीस हजार तिकिटे दोन्ही क्लबांच्या चाहत्यांकडे गेली आणि उरलेल्यांतला काही भाग सर्वसामान्यांसाठी सोडतीत आला. सर्वांत स्वस्त तिकीट ७० युरोचे होते, पण ते आमच्या नशिबी नव्हते. त्यावरचे मिळाले, तेही दोन आणि शेजारशेजारचे, म्हणून आम्ही कुरकुर केली नाही.

माझा जीव मात्र इंटरमध्ये. १९९० चा विश्वचषक आम्ही दूरदर्शनवर पाहिला, अंतिम सामन्यात ब्रेमेने पेनल्टीवर गोल केला आणि मग कुठल्याशा मासिकात वाचले की ब्रेमे, माटेउस आणि क्लिन्समान हे तिघेही जर्मन एरवी मिलान शहरातल्या इंटर या एकाच क्लबकडून खेळतात. तालमीच्या पोराला एवढे पुरते. एकदा धरलेला संघ आम्ही सोडत नाही, मग तो वीस-वीस वर्षे काही जिंको अथवा न जिंको. इंटरने हा चषक १९६४, १९६५ आणि थेट २०१० साली जिंकला. सिटीने तो एकदाही जिंकला नव्हता.

या शहराचाही या सामन्यावर जुना हक्क होता. २०२० चा अंतिम सामना इस्तंबूललाच ठरला होता, तो महामारीमुळे लिस्बनला गेला. बदल्यात २०२१ चा मिळाला, तोही त्याच कारणाने पोर्तोला हलवला गेला. तो पोर्तोचा सामना सिटी चेल्सीकडून एका गोलने हरली. म्हणजे सिटीने जो सामना गमावला, तो मुळात इथे व्हायचा होता. भाच्याला हा शुभशकुन वाटत होता, मला अपशकुन. त्यावर आमचे विमानातच एकदा वाजले होते.

त्याच आठवड्यात, बुधवारी, तुर्की लिरा एका दिवसात सुमारे सात टक्क्यांनी घसरला होता. पैसे बदलून देणाऱ्या दुकानांसमोर स्थानिक लोक पाटीवरचे आकडे न्याहाळत उभे होते आणि आम्हाला मात्र सगळे स्वस्त पडत होते. त्याचा आनंद उघडपणे मानता येईना. संध्याकाळी आक्सारायजवळच्या एका चहाच्या दुकानात बसलो. ट्युलिपच्या आकाराच्या काचेच्या पेल्यात कोरा चहा आला आणि मालकाने आम्ही सामन्यासाठी आलो आहोत हे ओळखून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, विचारले की तुमचा संघ कोणता. आमच्या एकाच टेबलावरून दोन वेगवेगळी उत्तरे आलेली पाहून तो खूश झाला. दोन्ही संघांत आमचा एकेक माणूस आहे, असे त्याने बोटे दाखवून सांगितले. सिटीचा कर्णधार गुंदोआन आणि इंटरचा चाल्हानोलू. दोघेही जर्मनीत जन्मलेले, दोघेही तुर्की वंशाचे.

मग शब्दांची देवाणघेवाण सुरू झाली. मैदानाला ते मेयदान म्हणतात, दुकानाला दुक्कान, शहराला शेहिर, साबणाला साबून. इथपर्यंत कोणाही मराठी माणसाला अंदाज असतो. खरी गंमत पुढे होती. चेंडूला तुर्कीत म्हणतात ‘तोप’. तोच शब्द तोफेलाही, आणि आपली तोफ तिकडूनच आलेली. गोलच्या चौकटीला म्हणतात ‘काले’, म्हणजे किल्ला. आणि गोलरक्षक हा ‘कालेजी’, म्हणजे सरळसरळ किल्लेदार. फुटबॉल खेळणाऱ्याला बोलीभाषेत ‘तोपचू’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ तोफ डागणारा. मी भाच्याला म्हटले, ‘‘अरे, आपण क्रिकेटमध्ये हेच केले की! गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचा गोळा डागणारा. आपण त्याच्या हाती क्रिकेटचा चेंडू दिला, यांनी त्याच्या पायाशी फुटबॉल दिला.’’ भाचा म्हणाला, ‘‘मामा, उद्या किल्ला बघायला जायचं म्हणताय ना, ते आत्ताच कळलं.’’

दुसरा दिवस : शुक्रवार, ९ जून

भाच्याचे भाकीत खरे ठरवणे भाग होते. सकाळी ट्रामने तोपकापीला उतरलो. तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. त्याच नावाचा सुलतानांचा राजवाडा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि बहुतेक प्रवासी तिकडे जातात. हा दरवाजा जुन्या कॉन्स्टँटिनोपलच्या जमिनीकडच्या तटबंदीत आहे. १४५३ साली एकवीस वर्षांच्या सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहराला वेढा घातला, तेव्हा ओर्बान नावाच्या कारागिराने ओतलेली अजस्र तोफ याच बाजूला रोखली होती. ती एवढी बोजड होती की एकदा डागल्यावर थंड करून पुन्हा भरायला कित्येक तास जात आणि तेवढ्या वेळात आतले लोक पडलेले खिंडार दगडमातीने बुजवून टाकत. तुर्की तोफकारांची ख्याती पुढे आपल्याकडेही पोचली. विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, ती निजामशाहीच्या चाकरीतल्या एका रूमी, म्हणजे तुर्की, माणसानेच.

तटबंदी तीन पदरी आहे. आधी खंदक, मग बाहेरची ठेंगणी भिंत आणि त्यामागे बुरुजांची उंच भिंत. वीट आणि दगड यांचे आडवे पट्टे अजून स्पष्ट दिसतात. उत्तरेकडे एदिर्नेकापीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने चालत जाताना मला राहून राहून इंटरच आठवत होते. प्रशिक्षक सिमोने इन्झागीचा तेव्हाचा संघ चेंडू गमावला की अगदी अशीच तीन पदरी रचना करत असे. पुढे दोन, त्यांच्यामागे मध्यरक्षक तिघे आणि सर्वांत मागे पाच जणांची भिंत, कारण कडेचे दोन्ही खेळाडू, दुम्फ्रीस आणि दिमार्को, खाली येऊन तीन बचावपटूंच्या रांगेत उभे राहत. बाद फेरीच्या सहा सामन्यांपैकी पाचांत त्यांनी एकही गोल खाल्ला नव्हता. उलट सिटीकडे होता आर्लिंग हालांड, त्या मोसमात याच स्पर्धेत बारा गोल केलेला, ओर्बानच्या तोफेसारखाच धिप्पाड आणि तिच्यासारखाच ठरावीक वेळाने धडाडणारा. भिंतीवर चढून छायाचित्रे काढणारी निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातली इटालियन मंडळी आम्हाला तिथेही भेटली. त्यांनी काय विचार करून ती जागा निवडली होती कोण जाणे.

एदिर्नेकापीच्या पुढे, तेकफूर राजवाड्याच्या परिसरात, केर्कोपोर्ता नावाचा एक लहानसा चोरदरवाजा होता असे सांगतात. आख्यायिका अशी की त्रेपन्न दिवस तोफांना दाद न देणारे शहर २९ मेच्या पहाटे पडले, त्यात कोणीतरी उघडा विसरलेल्या या दरवाजाचा मोठा हात होता. इतिहासकारांत याबाबत एकमत नाही. हिरकणीच्या बुरुजाचीही गोष्ट आपण पुरावे मागून ऐकत नाही, तसेच हे. भाचा एका दगडावर बसून सिमित, म्हणजे तीळ लावलेली पावाची गोल कडी, खात होता. मी त्याला म्हटले, उद्या हालांडकडे बघू नकोस, लहान दरवाजा कुठे उघडा राहतो तेवढे बघ. हे मी उगाचच, भिंतीच्या भरात म्हटले होते, आणि दुसऱ्या दिवशी रात्री ते खरे ठरल्यावर भाच्याने मला त्याचे श्रेय अजिबात दिले नाही.

दुपारनंतर इस्तिकलाल रस्ता. या रस्त्यावरच्या भल्या थोरल्या लोखंडी फाटकामागे गालातासराय विद्यालय आहे. १९०५ साली याच शाळेतल्या मुलांनी तो क्लब काढला, आणि २००० साली त्याच क्लबने कोपनहेगनमध्ये आर्सेनलला पेनल्टींवर हरवून युएफा कप तुर्कस्तानात आणला. फाटकासमोर सिटी आणि इंटरचे चाहते आपापल्या क्लबांचे शेले गळ्यात अडकवून एकमेकांची छायाचित्रे काढून देत होते. तकसीम चौकात संध्याकाळपर्यंत इंग्रज मंडळींचा आवाज चढला होता. ती ऊन लागून लालबुंद झाली होती आणि आपल्या क्लबचे जुने दिवस आळवत होती. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी मला सांगितले की १९९८-९९ मध्ये सिटी तिसऱ्या स्तराच्या लीगमध्ये खेळत होती, तेव्हाही ते जात असत. आज पैसा आला म्हणून चाहते आले, असे आम्हाला म्हणू नका, असा त्यांचा सूर होता. मी काही म्हटलेच नव्हते, पण हा प्रश्न त्यांना इतक्या वेळा ऐकावा लागला असावा की उत्तर आधीच तयार होते. बाकी उरलेली संध्याकाळ नौकेतून कादिकोयला जाऊन येण्यात आणि मासे खाण्यात गेली.

तिसरा दिवस : शनिवार, १० जून

सामना स्थानिक वेळेनुसार रात्री दहाला, म्हणजे भारतात मध्यरात्री साडेबाराला. आम्ही दुपारी तीनलाच निघालो, कारण अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियम इस्तंबूलमध्ये आहे असे म्हणणे हा केवळ सरकारी कागदपत्रांपुरता प्रकार आहे. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी शहराने दावा केला होता, त्यासाठी हे मैदान पश्चिमेकडच्या उघड्या टेकाडांवर बांधले आणि २००२ मध्ये खुले झाले. ऑलिम्पिक गेले बीजिंगला. येनिकापीहून मेट्रोने निघून वाटेत दोनदा गाडी बदलून ऑलिम्पियात या शेवटच्या स्थानकावर उतरायचे. डब्यात अर्धे निळे, अर्धे निळे-काळे, आणि मधे बाजारातून परतणाऱ्या दोन-तीन वयस्क बायका, ज्यांच्या पिशव्या मँचेस्टरच्या दोन तरुणांनी मांडीवर घेतल्या होत्या. बसने निघालेले अनेक जण वाहतुकीच्या कोंडीत तासन्‌तास अडकले, असे नंतर समजले.

स्थानकाबाहेर आलो आणि वारा लागला. या टेकाडावर एकही मोठे झाड नाही, आडोसा नाही, आणि खालून वर चढत जाणाऱ्या रुंद डांबरी रस्त्यावर हजारो माणसांची रांग सरकत होती. दूरवर स्टेडियमचे पश्चिमेकडचे चंद्रकोरीच्या आकाराचे छत दिसत होते. तेवढ्यात भाचा थांबला. दोघांचीही तिकिटे त्याच्या फोनमध्ये होती आणि फोनमध्ये अठरा टक्के बॅटरी उरली होती.

ही तिकिटे कागदाची नसतात. ती एका ॲपमध्ये असतात आणि तपासणीचा चौकोनी कोड प्रवेशद्वाराजवळ गेल्यावर, ब्लूटूथ चालू असेल तरच, प्रकट होतो. म्हणजे फोन विझला की सोडत, विमानभाडे आणि व्हिसाचे सोपस्कार सगळे पाण्यात. भाच्याने सकाळपासून फोनवर काढलेल्या चित्रफितींचा हिशेब मी तिथेच मांडणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून गप्प बसलो. आमच्या मागे बेर्गामोहून आलेले एक गृहस्थ होते, साठीच्या आसपासचे, २०१० चा माद्रिदचा अंतिम सामना पाहिलेले. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते, पण विझत चाललेल्या फोनकडे टक लावून बघणारा मुलगा कोणत्याही भाषेत समजतो. त्यांनी खिशातून पॉवर बँक आणि पांढरी केबल काढली, भाच्याच्या अंगावरच्या निळ्या सदऱ्याकडे एकदा पाहिले, सुस्कारा टाकला, आणि दिली. पुढची चाळीस मिनिटे ते तिघे, म्हणजे भाचा, गृहस्थ आणि त्यांच्यामधली ती वीतभर केबल, एकाच चालीने टेकाड चढत राहिले. दोन्ही कोड हिरवे झाले.

आत गेल्यावर पहिली जाणीव अंतराची झाली. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून फार लांब बसतात. शाहू स्टेडियमवर कॉर्नर मारणाऱ्याच्या कानात आपण सूचना करू शकतो. इथे बावीस जण बुद्धिबळाच्या सोंगट्यांएवढे. पण त्या अंतरामुळेच रचना अशी लख्ख दिसते की घरच्या पडद्यावर कधी दिसली नसती. आमच्या जागा एका गोलच्या मागे, कोपऱ्याकडे. याच मैदानावर २५ मे २००५ रोजी, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, एसी मिलानने लिव्हरपूलविरुद्ध मध्यंतराला ३-० अशी आघाडी घेतली होती, उत्तरार्धात जेरार्ड, श्मित्सर आणि आलोन्सो यांनी सहा मिनिटांच्या अवधीत तीन गोल फेडले आणि अखेर लिव्हरपूल पेनल्टींवर जिंकली. त्या रात्री हरलेले एसी मिलान हे इंटरचे शेजारी, तेव्हा आज आपली पाळी चांगली असणार, असे माझ्यापुढच्या रांगेतल्या इटालियन मुलांचे म्हणणे.

उद्घाटनाचा झगमगाट झाला, तो एकदाचा संपला, आणि पोलंडच्या शिमोन मार्चिनियाक यांनी शिटी वाजवली.

पूर्वार्धात सिटी आमच्या बाजूच्या गोलवर चढाई करत होती. पाचव्या-सहाव्या मिनिटाला बेर्नार्दो सिल्वाचा वळणदार फटका खांबाच्या बाहेरून गेला, आणि पुढे सत्ताविसाव्या मिनिटाला देब्रॉयनेच्या पासवर हालांडने डाव्या पायाने मारलेला फटका ओनानाने अडवला. एवढे सोडले तर भिंत अभेद्य होती. चेंडू सिटीकडे, पण पुढे रस्ता नाही, हे दृश्य पुन्हा पुन्हा दिसत होते. आचेर्बी हालांडला सावलीसारखा चिकटला होता, आणि बारेला व ब्रोझोविच मागे सरकत मधली जागा अशी बुजवत होते की मला कालची दगडमाती आठवली. छत्तिसाव्या मिनिटाला देब्रॉयने पायाच्या दुखापतीने बाहेर गेला. २०२१ च्या अंतिम सामन्यातही त्याला असेच अर्ध्यावर बाहेर पडावे लागले होते. भाच्याने डोक्याला हात लावला. पोर्तोची आठवण मी काढली नाही. मामा असलो तरी माणूस आहे.

उत्तरार्धात बाजू बदलल्या, आणि आता आमच्यासमोर होता सिटीचा किल्लेदार, एदेरसन. एकोणसाठाव्या मिनिटाला सिटीच्या आकांजीने मागे येणारा चेंडू सोडून दिला, तो थेट इंटरच्या लाउतारो मार्तिनेझच्या पायाशी. एदेरसन पुढे धावत आला, कोन बंद केला आणि फटका अंगावर घेतला. आमच्या पुढची रांग अख्खी उभी राहिली आणि अख्खी खाली बसली.

अडुसष्टाव्या मिनिटाचा गोल मला नीट दिसला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. तो शंभरेक मीटर पलीकडे झाला. दिसले ते एवढे, की तोच आकांजी, बचावपटू असूनही, चेंडू घेऊन पुढे आला आणि कोणीच त्याच्या अंगावर गेले नाही. त्याने उजव्या बाजूच्या फटीतून बेर्नार्दोला पास दिला, बेर्नार्दोने मागे ढकललेला चेंडू आचेर्बीला लागून वळला आणि गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात मोकळा उभा असलेल्या रोद्रीने तो पायाच्या आतल्या बाजूने, जोर न लावता, गर्दीतून सरकवला. जाळे हललेले दिसण्याआधी पलीकडून आवाज आला. भाचा माझ्या गळ्यात पडला होता आणि मी इंटरचा होतो. मोठी तोफ त्या क्षणी गोलसमोर नुसती उभी होती. लहान दरवाजा उघडा राहिला होता. पोर्तोच्या अंतिम सामन्यात सिटीचे प्रशिक्षक ग्वार्दिओलांनी ज्याला सुरुवातीच्या अकरांत घेतले नव्हते आणि त्यावरून पुढे दोन वर्षे टीका ऐकली, तोच हा रोद्री.

इथून पुढची वीस-पंचवीस मिनिटे मात्र इंटरची होती, आणि ती सगळी आमच्या डोळ्यांसमोर घडली. गोलनंतर दोन-तीन मिनिटांतच दिमार्कोने डोक्याने उचललेला चेंडू एदेरसनवरून जाऊन आडव्या खांबावर आदळला. परत आलेला चेंडू दिमार्कोनेच पुन्हा डोक्याने मारला, आणि तो लागला कोणाला, तर राखीव म्हणून आलेल्या स्वतःच्याच लुकाकूच्या पायाला. मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास आलेला चेंडू गोसेन्सने डोक्याने आत वळवला आणि लुकाकू पाच-सहा पावलांवर एकटा. त्याने हेडर मारले. एदेरसनला उडी मारायला वेळ नव्हता, त्याने पाय घातला, चेंडू गुडघ्याला लागून वर उडाला, आणि रुबेन दियासने तो आपल्याच गोलच्या तोंडातून डोक्याने बाहेर लोटला. चेंडू एका बाजूला जरा जरी मारला असता तर, असे दुसऱ्या दिवशी हजारो लोकांनी म्हटले असेल. पण एदेरसन ज्या जागी उभा होता ती जागा काही योगायोगाने सापडत नाही. भरपाई वेळेत त्याने आणखी एक हेडर झेपावून बाहेर काढले, हे गोसेन्सचे. तेवढ्यावर शिटी झाली. १-०.

सामनावीर रोद्री ठरला, आणि ते वावगे नाही. पण ज्यांनी तो उत्तरार्ध आमच्या कोपऱ्यातून पाहिला, त्यांच्या लेखी हल्लेखोरांच्या त्या फौजेला चषक मिळवून दिला तो त्यांच्या किल्लेदाराने. प्रीमियर लीग, एफए कप आणि हा चषक असा तिहेरी मुकुट सिटीने मिळवला. इंग्लंडमध्ये तो त्याआधी एकट्या मँचेस्टर युनायटेडने, १९९९ साली मिळवला होता. २००९ मध्ये बार्सिलोनाबरोबर हेच साधलेले ग्वार्दिओला दोनदा तिहेरी मुकुट मिळवणारे युरोपातले पहिले प्रशिक्षक झाले. चषक उचलला गुंदोआनने. आक्सारायच्या चहावाल्याचा अर्धा दावा तरी फळाला आला.

इंटरची बाजू रिकामी झाली नाही. खेळाडू गुडघ्यांवर बसले होते आणि वरून टाळ्या चालू होत्या, खूप वेळ. पुढच्या रांगेतला एक मुलगा रडत टाळ्या वाजवत होता. भाच्याने आपला निळा शेला गळ्यातून काढून पिशवीत ठेवला. मी त्याला ते करायला सांगितले नव्हते.

परतीचे फारसे लिहिण्यासारखे नाही. सत्तर हजारांवर माणसे एकाच टेकाडावरून एकाच वेळी खाली उतरली. मेट्रो स्थानकाच्या तोंडाशी ताटकळत, थंड वाऱ्यात कुडकुडत, आम्ही पहाटे तीननंतर केव्हातरी मुक्कामाला पोचलो. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही, एवढी एक तक्रार नोंदवून ठेवतो.

चौथा दिवस : रविवार, ११ जून

उशिरा उठलो. परतीचे विमान संध्याकाळचे होते. चहाच्या दुकानात गेलो तर मालकाने आम्हाला पाहताच दोन पेले मांडले, आणि भाच्याकडून पैसे घेतले, माझ्याकडून घेतले नाहीत. हरलेल्याचा चहा त्याच्याकडून, असा त्याचा नियम असावा. दुकानामागच्या बोळात सहा-सात पोरे दोन दगड मांडून प्लास्टिकच्या चेंडूने खेळत होती आणि सर्वांत लहान, आठ-नऊ वर्षांच्या, मुलाला सगळ्यांनी मिळून दगडांमध्ये उभे केले होते. कालेजी, कालेजी, असा आरडाओरडा चालला होता. लहान पोराला गोलमध्ये उभे करायचे, हा नियम आमच्या पेठेतही होता. मी पाच वर्षे त्यात काढली आहेत. हा मात्र कंटाळलेला दिसत नव्हता. चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटत नव्हता.

विमानतळावर इंटरचे सदरे घातलेली माणसे खुर्च्यांवर, जमिनीवर, सामानावर डोके टेकून झोपली होती. बेर्गामोचे गृहस्थ त्यांत दिसतात का, म्हणून मी दोन फेऱ्या मारल्या. त्याला कारण होते. सामान भरताना भाच्याच्या खिशातून ती पांढरी केबल निघाली होती. प्रवेशद्वारावर कोड हिरवा होताच त्याने पॉवर बँक तेवढी परत केली आणि केबल फोनलाच लटकत राहिली. नाव विचारले नव्हते, नंबर घेतला नव्हता. केबल आता कोल्हापुरात माझ्या टेबलाच्या खणात आहे. भाचा आला की तिच्यावर फोन लावतो, आणि जाताना ती इथेच ठेवून जातो.